चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

"टेप खोटं बोलत नाही, आई."

"मग मी बोलते? सांग ना तोंड उघडून. आई खोटारडी आहे, म्हण!"

"मी असं म्हटलं?"

"म्हणायचं काय राहिलंय? दोघींतली एक खोटं बोलतेय, आणि टेप तर बोलत नाही म्हणतेस!"

"श्वास सोड. पोट आत ओढू नकोस."

"ओढलेलं नाहीये. हे असंच आहे."

"तुझा चेहरा वांग्यासारखा झालाय, आई. सोड."

मावशीने श्वास सोडला. ताईच्या चिमटीतली टेप सरसर सरकली आणि थेट जुन्या आकड्यावर जाऊन बसली. जशी काही त्याच आकड्याची भाडेकरू होती.

मी ओट्याला टेकून उकडलेले चणे खात होते. खरं तर पोट मावशीचं होतं, स्नायूही तिचेच व्हायचे होते, पण घरात एकाला पथ्य लागलं की ते सगळ्यांच्या ताटाला लागतं. मी मावशीकडे राहते, म्हणजे तिच्या राज्यात. तिथे अपील नाही.

"दंड बघ स्वतःचा," ताई म्हणाली. "आधी नुसती लोंबती पिशवी होती, आता गाठ येते. पाठ सरळ झाली. मांड्या दगडासारख्या झाल्या. सगळीकडे फरक पडलाय. पोट तेवढं जागचं हलत नाही. याचा अर्थ एकच होतो."

"कोणता?"

"जाऊ दे."

"आता जाऊ दे नाही. कोणता अर्थ होतो?"

"तू चोरून खातेस."

मावशी रागावली की भांडी आपटत नाही. भांड्यांनी तिचं काय वाकडं केलंय? ती माणसं आपटते. पण त्या क्षणी आधी टेपची पाळी आली.  तिने ताईच्या हातातली टेप हिसकली, तिचा बोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अख्खं आयुष्य लोकांना वाढण्यात गेलं माझं," ती म्हणाली. "भुकेल्या पोटी वाढलं. तू पोटात होतीस तेव्हा मला कशाचाही वास सहन व्हायचा नाही, तेव्हाही वाढलं. आणि मी चोरून खाते? माझ्या पोटची पोर मला चोर म्हणते?"

"मग शपथ घे."

"कुणाची घेऊ? तू एकटीच आहेस मला. घेऊ तुझी?"

ताई डब्याकडे वळली. डब्यातून टेप काढली, नळाखाली धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

*

आमची ताई बायकांच्या जिममध्ये शिकवते. समोरची बाई खुर्चीत कशी बसते एवढं बघूनच सांगते, हिचा डावा गुडघा दुखतो. तिच्या हाताखाली कितीतरी जणी बारीक झाल्या, सरळ झाल्या, जिने चढायला लागल्या. आणि घरात सख्खी आई दारातून आधी पोट आत पाठवायची आणि मग मागून स्वतः यायची. ताईचा राग निम्मा तिथला होता. दिव्याखाली अंधार कुणाला आवडतो?

मावशी बसच्या डेपोतल्या कॅन्टीनची शाकाहारी शेगडी सांभाळते. मी त्याच डेपोत लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारते. नाटक शिकले, घसा कमावला, आणि शेवटी गाड्या सोडते, हा आमच्या घरातला कायमचा विनोद आहे. कॅन्टीनमध्ये तिला सगळेच मावशी म्हणतात. सख्खी भाची मी एकटी, त्यामुळे वाढताना मलाच सगळ्यात कमी मिळतं.

काका गेले तेव्हा ताई शाळेत होती. मावशी कॅन्टीनमध्ये भाजी चिरायला लागली. चिरता चिरता शेगडीपर्यंत पोचली आणि शेगडीवरून कुणाच्या बापाला तिला हलवता आलं नाही. गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक, ड्रायव्हर, कंडक्टर, धुलाईवाले, सगळ्यांच्या पोटाची नस तिला ठाऊक. त्यातले जे मांसाहार करत नाहीत ते तर डोळे मिटून तिच्या भरवशावर जेवतात. कारण तिचा चमचा. लांब दांड्याचा, एका बाजूने झिजलेला. तो भिंतीपलीकडच्या शेगडीला कधी शिवलेला नाही. काम नसेल तेव्हा तो तिच्या एप्रनच्या नाडीत खोचलेला असतो, पोट आणि नाडीच्या मध्ये गच्च.

भिंतीपलीकडे मटण-मासळीची शेगडी. तिथला आचारी म्हणजे रणगाडा. हे नाव त्याला मेकॅनिकांनी दिलं आणि त्यानेही ते आनंदाने घेतलं. माणूस दाराएवढा रुंद, आवाज मात्र मांजराच्या पिल्लाचा.

आता या स्वयंपाकघराची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. मोठ्या पातेल्याला तिथे हत्ती म्हणतात. हत्ती उतरवायला दोघं लागतात, प्रत्येकाच्या हातात एक कान. एक कान मदतनिसाचा, दुसरा शेगडीच्या मालकाचा. आणि रीत अशी की जो मालकाचा कान धरतो, शेवटची चव त्याची. त्याने चाखायचं, मान हलवायची, मगच हत्ती खाली येतो. एकदा जमिनीवर आलेल्या पातेल्यात मीठसुद्धा टाकायचं नाही. खाली आलं ते झालं, चांगलं असो की वाईट, उतरवणाऱ्याच्या नावावर. म्हणून उगाच कुणी कानाला हात लावत नाही.

तर एके दिवशी मावशीच्या हातून हत्ती कलंडला.

झालं असं की पोट मध्ये येत होतं. वजन अंगाशी धरलं तर ते पाय उचलतात. अंगापासून लांब धरलं की कंबर उचलते. मावशीला पातेलं जवळ घेताच येईना. हात लांब, पाठ वाकडी, आणि मधोमध हे गाठोडं. कमरेतून कळ आली, कान सुटला आणि रस्सा फरशीभर वाहिला. भाजलं कुणाला नाही. पण अर्धी पाळी कोरडा भात गिळून कामावर गेली. आणि मॅनेजर दारातच उभे होते.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या अन्नपूर्णा आहात."

हे वाक्य ऐकलं की समजावं, पुढे काहीतरी वाईट येतंय.

"पण आता ही मधली भिंत पडणार. दोन्ही स्वयंपाकघरं एक होणार. एका घरात दोन मालक कशाला? प्रमुख एकच असेल. आणि मला नियम मोडायचा नाही. तुमचीच रीत आहे ना? जो हत्ती उतरवेल तो प्रमुख. नवीन स्वयंपाकघर सुरू होईल त्या दिवशी बघू. तुम्हाला झेपलं तर तुम्ही. नाहीतर तो आहेच."

तो म्हणजे रणगाडा. तो तेव्हा पोछा घेऊन फरशीवरचा रस्सा पुसत होता आणि मान वर करायला तयार नव्हता.

मावशी घरी आली. चप्पल न काढता ताईसमोर उभी राहिली. "मला ताकद पाहिजे," ती म्हणाली. "आणि हे जायला पाहिजे." हे म्हणताना तिने पोटावर अशी चापट मारली की शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं.

*

त्या दिवसापासून घरात जिम आली. तांदळाची पोती, पाण्याच्या बादल्या, एक जुनी बिनहाताची खुर्ची, एवढीच जिम. तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. भरलेल्या बादल्या गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून जमिनीवरून उचलायच्या. ओट्यावर हात टेकून अंग खाली न्यायचं आणि वर ढकलायचं. आणि एक प्रकार असा, की कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून फळीसारखं पडून राहायचं.

"हे काय?" मावशी फरशीकडे तोंड करून ओरडायची. "मेल्यासारखं पडायचं, पण मरायचं नाही? याच्यापेक्षा सरळ मारून टाक!"

"बोलू नकोस, श्वास घे."

"श्वास घेते म्हणूनच बोलते!"

खाण्याचं प्रकरण त्याहून मोठं. ताईचं म्हणणं, स्नायू हवेतून येत नाहीत, प्रथिनांतून येतात, आणि शाकाहारी माणसाला ती एका घासात मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक जेवणात थोडी थोडी गोळा करायची. सकाळी भिजवलेले चणे आणि दही. दुपारी डाळ दुप्पट, भात निम्मा. संध्याकाळी भाजलेलं सोयाबीन. रात्री पनीर किंवा राजमा आणि वर दूध. तळलेलं बंद, गोड बंद. पावडरचा डबा मावशीला परवडला असता तरी तिने तो घरात घेतला नसता. "शिंपडून अंगात ताकद आली असती तर मीठ शिंपडूनच आली असती," असं तिचं शास्त्र.

"आणि हे पोट? त्याचा व्यायाम कुठेय?"

"पोटाच्या व्यायामाने पोट जात नाही, आई. लागतं त्यापेक्षा थोडं कमी खाल्लं की अंग साठवलेलं खर्च करतं. ते आधी कुठून खर्च करायचं, हे अंगच ठरवतं."

"म्हणजे माझं अंगसुद्धा माझं ऐकत नाही."

"तुझ्यावरच गेलंय."

मावशीने सगळं केलं. शिव्या देत केलं, पण केलं. पावसातल्या छपरासारखी तडतडत बादल्या उचलल्या. सोयाबीन चावताना सोयाबीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण एकही दाणा टाकला नाही. ती कधी चुकवेल, विसरेल, थोडं झाकेल, असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणून ताईचं ते 'चोरून' मलाही लागलं. आणि तरी टेप जागची हलत नव्हती.

कॅन्टीनमध्ये ही बातमी पोचणारच होती. मीच पोचवली असं मावशी अजून म्हणते.

"मावशी, ऐका माझं," रणगाडा भिंतीतल्या खिडकीतून म्हणाला. पाडकाम सुरू व्हायचं होतं, पण खिडकीची चौकट आधीच निघाली होती. "रोज दोन अंडी खा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"डाळीवर दंड येत नाहीत हो."

"आणि या हत्तीला काय रोज कोंबडी घालतोस?" मावशीने पातेल्याला चापट मारली. "खरे हत्तीसुद्धा पालाच खातात."

"खातात ना. पण हत्ती दिवसभर खातो, मावशी. तुम्ही खाता का दिवसभर?"

रांगेतले मेकॅनिक हसले. एकाने तर ताटावर चमचा वाजवला.

"मी? दिवसभर?" मावशी उसळली. "सकाळपासून मूठभर चण्यांवर उभी आहे मी! माझ्या तोंडात तीळ गेला असेल तर..."

आणि हे म्हणता म्हणता तिने नाडीतून चमचा काढला, डाळीत बुडवला, वाटीत ओतला, फुंकर मारली, प्यायली, मान हलवली आणि चमचा परत खोचला. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि एकाही शहाण्याला त्यात काही दिसलं नाही.

*

दिसलं ते ताईला. टेपच्या भांडणानंतर चार-दोन दिवस दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या. ("तुझ्या मावशीला सांग, दही संपलंय." "तुझ्या ताईला सांग, मला डोळे आहेत.") मग एका सकाळी ताई जिममधून सुट्टी घेऊन सरळ कॅन्टीनमध्ये आली. आईला रंगेहाथ पकडायला. तसं ती म्हणाली नाही, पण आल्या आल्या तिने आधी फडताळाची दारं उघडून पाहिली.

मग ती तांदळाच्या पोत्यावर बसली आणि बघत राहिली.

मावशी रश्श्याजवळ गेली. चमचा, वाटी, फुंकर, घोट. मीठ कमी. मीठ घातलं. चमचा, वाटी, घोट. डाळीजवळ. घोट. भाजीच्या कढईतून बटाट्याची एक फोड, शिजली का बघायला. नाही शिजली. थोड्या वेळाने दुसरी. शिजली, पण मसाला लागला का? तिसरी. रश्श्यावर तेलाचा लाल थर आला होता, तो बाजूला सारून खालचा घेता आला असता. पण चव तर वरच्याच थरात कळते, त्यामुळे घोट वरचाच. भात मोकळा झाला की नाही? भाताचा एक घास, त्यावर डाळ, कारण लोक कोरडा भात थोडाच खाणार आहेत? लोकांच्या तोंडात जाईल तसाच चाखायला हवा.

ताई पोत्यावरून उठली.

"आई, हे काय चाललंय?"

"स्वयंपाक."

"हे जे तू खातेस, ते."

"मी काय खातेय? चव घेतेय."

"वाटीभर?"

"दोन थेंबांत मीठ कळतं, आंबट कळत नाही. तिखट तर घशात गेल्याशिवाय कळतच नाही. तू मला शिकवणार?"

"आई, हे खाणं आहे!"

"हे काम आहे!"

आवाज एवढा चढला की पलीकडे रणगाड्याने शेगडी बारीक केली.

"तू डबा खाण्याआधीच एक अख्खं जेवण जेवतेस. तेलाच्या थरासकट. आणि वर म्हणतेस, सकाळपासून उपाशी आहे!"

"आहेच! मी बसले का? ताट घेतलं? पोट भरलं म्हणून हात धुतले? न्हावी दिवसभर केस कापतो म्हणून त्याचं टक्कल पडतं का? बँकेतला माणूस नोटा मोजतो, त्याच्या घरी जातात का त्या? तसंच हे. हे माझं नाही. हे कामाचं आहे. ते जिभेपाशीच संपतं."

"जिभेनंतर कुठे जातं?"

मावशीने उगाच डाळ ढवळली.

"सांग ना. जिभेनंतर घसा. मग?"

मी मावशीला रागावलेली हजारदा पाहिली आहे. पण राग ज्याच्यावर काढायचा तो माणूसच सापडत नाही, असा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ताईवर काढावा तर ती खरं बोलत होती. स्वतःवर काढावा तर तिने चोरी केली नव्हती. हाताला तेवढा चमचा होता. तिने तो नाडीतून ओढून काढला आणि ओट्यावर आपटला. भांड्यावर राग काढताना मी तिला तेव्हाच पाहिलं.

"म्हणजे या चमच्यासाठी मरमर करायची," ती हळू म्हणाली, "आणि चमचा सोडला तरच चमचा राहणार. कुणी लिहिलं हे माझ्या कपाळी?"

"सोडू नकोस. लहान घे," ताई म्हणाली. तिचाही आवाज खाली आला होता. "किंवा चाखून टाकून दे. चूळ भर."

"थुंकू? लोकांच्या अन्नाशेजारी थुंकू? चालती हो इथून!"

ताई गेली. पण त्या दिवसापासून मावशीच्या खिशात चहाचा छोटा चमचा आला. एका पातेल्याला दोनदाच, असा तिने स्वतःला दंडक घातला. वाटी बंद. लाल थर बाजूला सारून.

पहिला आठवडा डेपोने सहन केला, हे डेपोचे उपकार. डाळ एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी सपक. "मावशी, आज समुद्रातून आणली का?" "मावशी, मिठाने संप केलाय का?" ती नुसती अशी बघायची की विचारणारा तेच जेवून, ताट घासून, जागेवर ठेवून जायचा. घरी येऊन मात्र बादल्या अशा उचलायची की खालच्या मजल्यावरचे वर यायचे. "माझी जीभ मेली," ती म्हणायची. "तुझ्या टेपने मारली."

जीभ मेली नव्हती. इतकी वर्षं तिला वाटीभर घेऊन सावकाश ठरवायची सवय होती. आता एका थेंबात ठरवायचं होतं. हळूहळू मावशी चमच्याआधी पातेल्यावर वाकून वास घ्यायला लागली, डावाच्या पाठीवरून रस्सा किती जाड ओघळतो ते बघायला लागली. तक्रारी थांबल्या. मग एकदा कुणीतरी रस्सा दुसऱ्यांदा मागितला.  आणि एका रविवारी मावशीने दोरीवरून टेप काढून ताईपुढे टाकली.

"घे. बघ तुझी सत्यवादी काय म्हणते."

इतके दिवस भाडेकरूसारखी बसलेली टेप जागा सोडून उठली होती. फार नाही, पण उठली होती. ताईने टेप कमरेभोवती तशीच धरून ठेवली आणि आईच्या पाठीवर कपाळ टेकवलं.

"झालं का मोजून? का तिथेच झोपणार?" मावशी म्हणाली.

*

भिंत पडली. नवीन स्वयंपाकघरात दोन शेगड्या एका ओळीत आल्या, वर धूर ओढणारा पंखा, खाली अजून सिमेंटचा वास. तोवर मावशीच्या एप्रनच्या नाडीला एक वेढा जास्त बसायला लागला होता, आणि त्यात खोचलेला लांब दांड्याचा चमचा सारखा घसरायचा. ती तो दर वेळी वर ओढायची. शिव्या देत, पण ओढताना खूश दिसायची.

मॅनेजर आले. जेवायच्या रांगेतले बरेचजण ताटं घेऊन आत डोकावले. मी गाड्या पुकारायचं काम सोबतिणीवर टाकून आले होते. ताईला मावशीने येऊ दिलं नव्हतं. "तू आलीस तर मला पाठ सरळ, पाठ सरळ ऐकू येईल."

मावशीच्या शेगडीवर दोन हत्ती होते, एक रश्श्याचा आणि एक डाळीचा. आधी रश्श्याचा. मदतनिसाचा कान रणगाड्याने धरला. मावशीने वास घेतला, चमच्याचं टोक बुडवलं, जिभेला लावलं. मान हलवली. मग ती पातेल्याच्या अगदी जवळ उभी राहिली. इतकी जवळ तिला पूर्वी उभंच राहता येत नव्हतं. गुडघे वाकवले. कान अंगाशी घेतला.

"हं," ती म्हणाली.

हत्ती उठला, रस्सा जागचा हलला नाही, आणि खालच्या चौथऱ्यावर येऊन बसला. एवढा अलगद की आवाजसुद्धा झाला नाही. रांगेत कुणीतरी ताट वाजवलं, मग सगळ्यांनीच वाजवलं. रणगाडा पण हसला. मावशीने घाम पुसला आणि मॅनेजरकडे पाहिलं.

"वा! वा, मावशी!" मॅनेजर टाळ्या वाजवत म्हणाले. "कमाल! मी तर घरी सांगणार, याला म्हणतात जिद्द. आता माझी काळजीच मिटली. पातेली उतरवायचं काम तुमचं. तुमच्या हातात हत्ती सुरक्षित. आणि चव..." ते रणगाड्याकडे वळले, "चव हा बघेल. दोन्हीकडची. प्रमुख म्हणून कागद आधीच वर गेलाय याच्या नावाचा."

ताटं वाजायची थांबली.

"आधीच?" मावशी म्हणाली.

"अहो, वरच्यांना आधी कळवावं लागतं. पण तुमची मेहनत वाया गेली नाही. तुम्हाला भाजी चिरायला बसवायचं ठरत होतं. आता तुम्ही शेगडीजवळच. चांगलं झालं की नाही?"

"जो उतरवेल तो प्रमुख, चव त्याची. तुम्हीच म्हणालात."

"मावशी, रीत म्हणजे काय कायदा आहे? उचलणं वेगळं, चाखणं वेगळं. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"माझी डाळ हा कुठल्या चमच्याने चाखणार?"

"चमचा तो चमचा. धुतला की झालं."

रांगेतल्या एका म्हाताऱ्या कंडक्टरने आपलं ताट हळूच काउंटरवर ठेवलं.

"साहेब," रणगाडा त्याच्या बारक्या आवाजात म्हणाला, "मी हे मागितलं नव्हतं. मला तुम्ही सांगितलंत, बाईंना झेपणार नाही, म्हणून मी हो म्हटलं. त्यांना झेपलंय."

"तू गप्प बस. ती डाळ अजून उतरवायचीय, लोक खोळंबलेत. चल, चाख."

रणगाडा हलला नाही. दुसऱ्या हत्तीत डाळ रटरटत होती. मॅनेजरनी इकडे तिकडे पाहिलं, मग मावशीसमोर हात पुढे केला, चमचा मागायला.

मावशीने त्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता भट्टी फुटणार. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. ती शेगडीकडे वळली. डाळ खाली लागू नये म्हणून आधी ज्योत बंद केली. झाकण ठेवलं. चमचा काढून घेत एप्रन सोडला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. नाडी नव्हती, तेव्हा चमचा हातातच राहिला.

"मावशी," मॅनेजर म्हणाले, "डाळ उतरवायची आहे. दुसरा कान कोण धरणार?"

हत्ती शेगडीवर होता. रणगाडा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. रांगेतला एकही माणूस पुढे आला नाही, आणि कानाला हात लावायची मॅनेजरची स्वतःची टाप नव्हती.

"मावशी, अहो बोला तरी काहीतरी! उद्या येताय ना?"

मावशी पाठ सरळ ठेवून रांगेतून वाट काढत गेली. लोक बाजूला सरले. दारापाशी तिने चमचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि बाहेर पडली.